रूमर म्हणजे खोटं नव्हे

लाँड्रीवाल्या वहिनी इंग्रजी शिकायला लागल्या त्या नवऱ्याने टुमणं लावलं म्हणून. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. पुढेमागे दोघांनी बंदराजवळ खानावळ काढायची, तर चार शब्द यायला हवेत, असं त्याचं म्हणणं. मोठ्या माणसांचा तो वर्ग संध्याकाळी, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा.

मग नवऱ्याचे फोन बंद झाले. महिना उलटला, दुसराही उलटला. त्याने तिकडेच दुसरं घर मांडलंय, अशी वावडी गल्लीत उठली. कुणी म्हणे, पुरुषांचं काय सांगावं. कुणी म्हणे, सगळी अफवा, मनावर घेऊ नका. बोलून झालं की जो तो आपले इस्त्रीचे कपडे घेऊन जाई. वहिनींनी एकदा जहाज कंपनीत फोन लावला होता, पण पलीकडून भराभर इंग्रजी आलं. शिवाय उत्तराचीच भीती वाटली. त्यांनी फोन ठेवून दिला.

एके संध्याकाळी बाईंनी फळ्यावर 'रूमर' हा शब्द लिहिला. वर्गात पंपदुरुस्ती करणारे एक काका होते. कधीच वेळेवर येत नसत, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. ते लगेच म्हणाले, रूमर म्हणजे अफवा, म्हणजेच खोटी बातमी.

"अगदी तसं नाही," बाई म्हणाल्या. "अफवा म्हटलं की आपण ती खोटीच धरतो. रूमरचा अर्थ एवढाच, की बातमी फिरतेय, पण तिची खात्री कुणी केलेली नाही. खोटी निघेल, नाहीतर खरीही निघेल."

मग 'देअर इज अ रूमर दॅट' असं सुरू करून प्रत्येकाने एक वाक्य करायचं ठरलं. कुणी पगारवाढीचं केलं, कुणी पूल बंद होणार असल्याचं. वहिनी अडखळत, पण एकही चूक न करता म्हणाल्या, "देअर इज अ रूमर दॅट माय हजबंड हॅज लेफ्ट मी."

बाई खडू ठेवून त्यांच्या बाकावर येऊन बसल्या.

"वाक्य बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आता खात्री करू या का?"

वहिनींना रडू फुटलं. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाँड्री उघडायच्या आधीच घड्याळकाका दारात हजर. बाईही आल्या. तिघं कंपनीच्या कचेरीत गेली. बाईंनी बोलणं केलं, आणि कारकून टोलवाटोलवी करू लागले तेव्हा काका खुर्चीत ठाण मांडून बसले. दुपारी थेट नवऱ्यालाच फोन लागला. तो परमुलखात इस्पितळात होता. जहाजावर पाय घसरून मांडीचं हाड मोडलेलं. घरी कळवू नका, असं त्यानेच कंपनीला बजावलेलं. चालायला लागल्यावर स्वतः सांगणार होता.

वहिनींनी आधी त्याला फैलावर घेतलं. मग विचारलं,

"जेवण बरं मिळतं का?"

"अळणी असतं," तो म्हणाला. त्या रडता रडता हसल्या.

तो कुबडी घेऊन परतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात आला. आभाराची दोन इंग्रजी वाक्यं पाठ करून आला होता, ती ऐनवेळी विसरला. मग नुसतेच हात जोडून उभा राहिला. वहिनींनी त्याने रांधून आणलेल्या जेवणाच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि पहिली ताटली बाईंच्या हातात दिली. बाईंनी दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.