टेकडीवरची दुपारपाळी

भाग्यश्रीने सौमित्रचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी तळजाईवर चालायला जाणारा एक गट होता. तिच्याकडे फिजिओथेरपीला येणारे तात्याराव तो गट चालवत.

"साडेपाचला गेटवर हजर राहायचं," ती म्हणाली. "नाही म्हणू नकोस. महिनाभर तू एका जागी धड बसलेला नाहीस. काल उभ्याने जेवलास."

"आज काम आहे मला."

"सकाळपासून लॅपटॉप उघडतोस नि मिटतोस. त्याला काम म्हणतात?"

सौमित्रने लॅपटॉप पुन्हा मिटला. खराडीच्या ज्या कंपनीत तो मॅनेजर होता, तिथे माणसं कमी करण्याची एक फेरी झाली होती. हाताखालच्या तिघांपैकी एकाला काढा असं त्याला वरून सांगितलं गेलं आणि त्याने एकाचं नाव दिलं. आता दुसऱ्या फेरीची कुजबुज होती, आणि या वेळी मॅनेजर लोकांची पाळी आहे म्हणे. त्यामुळे दिवसभर त्याचा अंगठा मेलवर. नवीन काही नसलं तरी जीव थाऱ्यावर नाही, आणि काही आलं की उघडायची हिंमत नाही.

बिबवेवाडीहून स्कूटर काढून तो गेटवर पोहोचला, तेव्हा दहा-बारा जण जमले होते. तात्याराव पोस्टातून निवृत्त झालेले, काटकुळे, डोक्यावर कानटोपी, हातात काठी.

"तुम्ही भाग्यश्रीबाईंचे मिस्टर? उशीर केलात," ते म्हणाले. "इथले नियम सोपे आहेत. मोबाइल खिशात. रील काढायचं असेल त्याने घरच्या गच्चीवर जावं. आणि अंधार पडायच्या आत सगळे खाली."

चढ सुरू झाला. फेब्रुवारीचे दिवस होते. उंदीरमारीच्या झाडांची पानं झडून फांद्यांना फिकट गुलाबी फुलं लागली होती, पायाखाली पाचोळा वाजत होता. सौमित्र भराभरा पुढे जाई, खिशातला फोन थरथरला असं वाटून थांबे, आणि मागचे गाठायच्या आत पुन्हा सुटे.

"अहो, वर कोणी बक्षीस वाटत नाहीये," मागून तात्यारावांचा आवाज आला. "गटाबरोबर चालायचं असतं, म्हणून त्याला गट म्हणतात."

तो ओशाळून मागे राहिला आणि एका बाईंच्या शेजारी आला. साठीच्या असतील. सुती साडी, पायात पांढरे बूट, आणि चाल एकसारखी, ठाम.

"नवीन दिसता भाऊ," त्या म्हणाल्या. "मी पण आज पहिल्यांदाच आली. चंद्रभागा मेश्राम. भंडाऱ्याकडची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, मागच्या साली रिटायर झाली नं पोराकडे आली."

मेश्राम हे नाव ऐकताच सौमित्रचं पाऊल अडखळलं. विदर्भात मेश्राम पुष्कळ असतात, असं त्याने स्वतःला बजावलं.

"काय करतो मुलगा?"

"आयटीत आहे. रोहन नाव त्याचं. खराडीला मोठी कंपनी आहे नं, ते काचेची इमारत." आणि त्यांनी सौमित्रच्या कंपनीचं नाव अगदी बिनचूक घेतलं. "तुम्ही कुठे असता?"

"बँकेत," तो म्हणाला. शब्द तोंडातून कसा निसटला ते त्यालाही कळलं नाही.

"बरं आहे. वेळेवर घरी तरी येता. आमच्या रोहनची पाळी बदलली. दुपारी जेवून, डबा घेऊन निघतो, ते रात्रीच उगवतो. अर्धा झाला पोरगा. मी म्हटलं, तुझ्या साहेबाला सांग नं जरा. तर म्हणतो, साहेब चांगले आहेत आई, त्यांचाच नाइलाज आहे."

सौमित्रला धाप लागली. चढ तर तिथे फारसा नव्हता. रोहनला काढून तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी मीटिंग रूममध्ये तो समोर बसला होता, सगळं ऐकून घेतलं आणि "ठीक आहे सर" म्हणाला. मग बॅगेतून चार्जर काढून त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. पाळी कसली नि साहेब कसला!

"इथे आली ते त्याला सांगितलं नाही मी," चंद्रभागाबाई बोलतच होत्या. "गुडघा दुखतो म्हणून ओरडतो. त्याला वाटते मी घरी टीव्ही पाहून राहिली."

"मी जरा पुढे जातो," सौमित्र म्हणाला आणि तात्यारावांची पर्वा न करता जवळजवळ पळतच सुटला. या बाईंच्या शेजारी आणखी एक पाऊल टाकणं त्याला शक्य नव्हतं. वर जाऊन तसंच दुसऱ्या बाजूने उतरावं, रिक्षा करून गेटवर यावं, स्कूटर काढावी आणि परत या टेकडीचं नाव घेऊ नये.

वाट एका वळणानंतर सपाट झाली. तिथे एका मोठ्या दगडावर एक जण पाठमोरा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, शेजारी ऑफिसची बॅग, मांडीवर उघडा डबा. पाचोळा वाजला तसा त्याने मागे वळून पाहिलं आणि घास हातात घेऊनच उभा राहिला.

"सर?"

रोहनच होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"तू इथे रोज येतोस?" सौमित्रने विचारलं.

"दुपारी अभ्यासिकेत बसतो, अर्ज करतो. संध्याकाळी इथे. मग परत अभ्यासिका." रोहनने घास डब्यात ठेवला. "मी तुम्हाला मेसेज केला होता सर. रेफरन्ससाठी. दोनदा केला."

मेसेज सौमित्रने वाचले होते. उत्तर काय द्यावं हे ठरेना, म्हणून दिलं नव्हतं. पण आत्ता त्यावर बोलायला वेळ नव्हता.

"रोहन, तुझी आई येतेय. मागच्या गटात आहे, पाच मिनिटांत इथे पोहोचेल."

"आई? टेकडीवर?"

"तू या बाजूने उतर. मी त्यांना थांबवतो."

रोहनने घाईघाईने डबा बंद केला, बॅग खांद्याला लावली आणि आडवाटेवर दोन पावलं टाकली. मग थांबला.

"काय सांगून थांबवाल?"

"सांगेन काहीतरी."

रोहन त्याच्याकडे बघत राहिला. ऑफिसात त्याने असं कधी बघितलं नव्हतं. "नको सर," तो म्हणाला. "तुम्ही काहीतरी कसं सांगता ते मी ऐकलंय. माझं काम उत्तम आहे, पण प्रोजेक्टची दिशा बदलतेय, असं. माझ्या आईला नका सांगू तसलं काही."

आणि तो परत येऊन दगडापाशी उभा राहिला. सौमित्रला वाटलं आपण तरी जावं. पण तो तिथेच थांबला.

गट वळणावर आला. चंद्रभागाबाईंनी मुलाला पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्या कपाळालाच हात लावला.

"ताप आहे का? ऑफिसातून काऊन आला?"

"ऑफिस नाहीये आई. तीन आठवडे झाले. काढलं मला."

सगळे थबकले. कोणी तरी 'अरेरे' म्हणालं. तात्यारावांनी कानटोपी सारखी केली. "चला, चला. इथे बघण्यासारखं काही नाही. मोर पुढे दिसतात." आणि त्यांनी सगळ्यांना पुढे हाकललं.

चंद्रभागाबाई दगडावर बसल्या.  मग त्यांनी बॅगेतून डोकावणारा डबा बाहेर काढून उघडून पाहिला. वांग्याची भाजी तशीच होती.

"म्हणजे मी रोज डबा करते, तो तू या दगडावर बसून खातो. एकटा."

"तुला काळजी लागली असती."

"आता नाही लागली का?" त्यांचा आवाज चढला. "तुझे बाबा गेले तेव्हा तू दहावीत होता. तेव्हाही मी तुझ्यापासून काही लपवलं नाही. किती पैसे आहेत, किती नाहीत, सगळं तुला सांगितलं. नं तू मला पाळीच्या गोष्टी सांगून राहिला?" मग एकदम त्यांचं लक्ष सौमित्रकडे गेलं. "भाऊ, तुम्ही काऊन थांबले? ओळखता याला?"

 रोहनने खाली पाहिलं. सौमित्रला कळलं, तो आपल्याला अजूनही सांभाळून घेतोय.

"मी त्याचा मॅनेजर," तो म्हणाला. "बँकेत नाही मी. याचं नाव मी दिलं."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वॉर्डातला पेशंट पाहावा तसं.

"यालाच काऊन?"

"कंपनीची गरज..." सौमित्रने सुरुवात केली. तेच वाक्य, त्याच क्रमाने, जिभेवर तयार होतं. ते अर्ध्यातच विरलं. "तिघं होते. बाकीचे दोघं भांडले असते, वरपर्यंत गेले असते. रोहन काही बोलणार नाही हे मला माहीत होतं."

हे त्याने भाग्यश्रीलाही सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा इतक्या सरळ शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

"ऐकलं का?" चंद्रभागाबाई मुलाला म्हणाल्या. मग सौमित्रकडे न बघता, "तुम्ही जा आता. आम्हाला बोलायचं आहे."

तो उतरला. उजेड कमी होत होता, पर्वतीच्या बाजूला दिवे लागायला लागले होते. एकदा तो घसरला, तळहात खरचटला, तरी वेग कमी केला नाही. गट जवळच्या वाटेने आधीच उतरून गेटवर पांगत होता. तात्याराव कठड्यावर बसून होते.

"दोन माणसं यायची आहेत," ते म्हणाले. "मी आहे. तुम्ही निघालात तरी चालेल."

"थांबतो."

"थांबा. पण एका जागी थांबा. तुमच्याकडे बघून मला चक्कर येते."

अंधार पडता पडता दोघं आली. बॅग आईच्या खांद्यावर होती, आणि रोहन बोलत होता, हातवारे करून, चिडून, मध्येच आवाज चढवून. ऑफिसात चार वर्षांत त्याला असं बोलताना सौमित्रने पाहिलं नव्हतं. रिक्षा थांबवून चंद्रभागाबाई आत बसल्या. रोहन मात्र रस्ता ओलांडून सरळ सौमित्रसमोर आला.

"सर, मेसेजचं उत्तर हवंय मला. हो किंवा नाही. सोमवारपर्यंत."

'ठीक आहे' नाही, 'जमलं तर' नाही. सौमित्रने मान हलवली.

"मान नको, बोला."

"हो," सौमित्र म्हणाला. "आजच देतो."

रोहन आईशेजारी जाऊन बसला आणि रिक्षा वळून गेली. तात्याराव काठी टेकत उठले आणि घरच्या रस्त्याला लागले. सौमित्रने फोन काढला. मेलवर नवीन काही तरी आलेलं दिसत होतं. ते न उघडता त्याने रोहनसाठी रेफरन्स लिहायला घेतला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. 'शांत स्वभाव' लिहिलं, तेही खोडलं. मग बाणेरच्या एका कंपनीत असलेल्या जुन्या मित्राला फोन लावला. त्याने उचलला नाही. दुसऱ्याला लावला, तो म्हणाला, सध्या भरती बंद आहे रे. तिसऱ्याचा नंबर शोधत असताना भाग्यश्रीचा फोन आला.

"कुठे आहेस? चालणं संपलं ना?"

"संपलं. खालीच आहे, गेटवर."

"मग ये की घरी."

"येतो," तो म्हणाला. "तुला एक सांगायचंय. आल्यावर सांगतो. आधी दोन फोन करू दे."

आणि स्कूटर तशीच उभी ठेवून तो फुटपाथवरून चालत पुढचा नंबर लावू लागला.