जावयाच्या शेजारी लटकलेली किल्ली

मित्रांनो, मी एका मोटारीची जुनी किल्ली आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. या दोन शब्दांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीतून मला कापले, माझ्या अंगावर दाते कोरले आणि त्या दात्यांना जुळेल असे कुलूप मोटारीत बसवले. त्या कुलपाची आणि माझी गाठ तिथेच बांधली गेली. मी आत शिरायचे, वळायचे, आणि एवढी मोठी मोटार माझ्या एका वळणासरशी जागी व्हायची. चार चाके, दोन डोळे, पोटात आग, आणि हुकूम माझा!

ही मोटार एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी घेतली. छपरावर पाटी, पुढे-मागे लाल अक्षर, आणि मास्तरांच्या पायाशी जादा ब्रेक. मास्तरांची एक रीत होती. नवीन शिकाऊ आला की पहिल्या दिवशी ते त्याला तळहात पुढे करायला सांगत आणि मला त्यावर ठेवत.

"ही घे. गाडी हिची आहे. तू आणि मी पाहुणे."

हे ऐकले की माझी छाती फुगायची. शिकणे संपून परवाना हातात पडला, की त्या माणसाने मला परत मास्तरांच्या तळहातावर ठेवायचे, ही रीतीची दुसरी बाजू. असे किती तळहात मी पाहिले! सुईने टोचलेली शिंप्याची बोटे, साबणाचा वास येणारा नर्सबाईंचा हात, गवंड्याचा खरबरीत पंजा. सगळे पहिल्या दिवशी घामाने ओले असायचे.

मास्तरांची आणखी एक शिस्त होती. शिकाऊ माणसाची गाडी उठता-बसता बंद पडते. क्लच झटकन सुटला की आचका आणि शांतता. मागे हॉर्नचा गोंगाट. अशा वेळी मास्तर सांगत, "किल्ली मागे फिरव. हात मांडीवर. तीन श्वास. सावकाश. मग पुन्हा."

"मास्तर, मागचा हॉर्न वाजवतोय!"

"वाजवू दे. त्याच्या हाताला तेवढंच काम आहे."

तीन श्वास झाले की हात शांत होऊन माझ्याकडे येत. अर्धे शहर या तीन श्वासांवर गाडी शिकले. मला वाटायचे, माझे राज्य असेच चालणार.

मग पलीकडच्या गल्लीतून कुणाची तरी मोटार चोरीला गेली, आणि मास्तरांचा मेहुणा धावत आला. तो गाड्यांचे शोभेचे सामान विकणाऱ्या दुकानात कामाला होता.

"भाऊजी, या गाडीला राखणदार बसवा. नुसत्या किल्लीवर कसले विसंबता?"

नुसत्या! हा शब्द माझ्या काळजात आजही रुतून आहे.

मेहुण्याने आणलेला माणूस स्टिअरिंगखाली डोके घालून, पाय बाहेर काढून पडला. त्याने तारा कापल्या, पिळल्या, काळी चिकटपट्टी गुंडाळली, एक पेटी कोंबली आणि चहा निवायच्या आत "झालं" म्हणून उठला. माझ्याच कड्यात त्याने एक काळा, गुबगुबीत रिमोट अडकवला. दोन बटणे आणि एक लुकलुकता दिवा. काम काय, तर बटण दाबले की पेटीने गाडी अडवायची, कुणी धक्का लावला की बोंब मारायची, आणि पुन्हा दाबले की सोडायची.

मास्तरांच्या घरच्या बाईंना सगळे शिकाऊ वहिनी म्हणतात. फोन त्याच घेतात आणि टोमणेही त्याच मारतात. रिमोट हातात धरून हरखलेल्या मास्तरांना पाहून त्या म्हणाल्या, "आला वाटतं जावई!"

पेटी आणि रिमोट, दोघांना मिळून नाव चिकटले ते चिकटलेच. आणि काय ते जावयाचे लाड! त्याला ओरखडा पडू नये म्हणून रबरी आवरण. त्याचा सेल उतरला की मास्तर चप्पल अडकवून दुकानात पळत. मला इतक्या वर्षांत कुणी तेलाचा थेंब दिला नव्हता. तरी मी कधी रुसले नाही. हा मात्र रोज रुसे. ट्रक गेला, बोंबलला. मांजर बॉनेटवर बसले, बोंबलला. पोरांचा चेंडू लागला, बोंबलला. पहिल्या आठवड्यात सगळी गल्ली बाहेर यायची. नंतर समोरचा न्हावी हातातली कात्रीही थांबवेना. नुसते ओरडायचा, "मास्तर, जावई जेवायला मागतोय!"

लोक हसले, तेवढ्यानेच मला समाधान होते. पण खरे दुखणे पुढेच होते.

गाडी चालू होईना. नेहमी नाही, मधूनच. शिकाऊ माणूस मला फिरवी, समोरचे दिवे लागत, पण स्टार्टर हूं की चूं करत नसे. मी माझे काम चोख करत होते. माझ्या पुढे कुणीतरी दार लावून घेत होते. मास्तर मला बाहेर काढत, बाहीला पुसत, पुन्हा घालत, आणि गाडी सुरू! खोटे कशाला बोलू, पुसून घ्यायला मला बरे वाटायचे. पण मित्रांनो, मास्तरांनी कधी आपला अंगठा पाहिला नाही. मला पुसताना तो अंगठा जावयाच्या बटणावर पडत होता. पेटी सोडायची, आणि नाव व्हायचे पुसण्याचे.

"किल्ली झिजली बघ," मास्तर म्हणाले. "वय झालं तिचं."

दुसऱ्याच दिवशी किल्लीवाल्याकडून नवी किल्ली कापून आणली. कोरी करकरीत, पिवळीधमक. माझ्याच कड्यात, माझ्या डाव्या अंगाला. उजवीकडे जावई, डावीकडे सवत! माझे कुलूप तिच्या हवाली झाले आणि मी नुसती लोंबकळत राहिले. ती आत जाताना करकरायची, मधेच अडायची, आणि गाडी पूर्वीसारखीच हटून बसायची. मास्तर काय म्हणत माहीत आहे? "नवी आहे. रुळायला वेळ लागेल." मी अडले तर झिजले, ती अडली तर रुळायची आहे! अशा न्यायाने कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

याच दिवसांत बेकरीवाल्याची मुलगी गाडी शिकत होती. हात पिठाने पांढरे, नखांत कणीक. पहिल्या दिवशी त्या हाताने मला धरले तेव्हाच मला तो आवडला होता. तिच्या वडिलांची नजर अधू झाली होती. पहाटे पावाची व्हॅन घेऊन निघायचे आणि कठडा कुठे, रस्ता कुठे, हे दिसायचे नाही. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली होती. घरात दुसरे चालवणारे कुणी नाही. मुलीला परवाना मिळाला तर व्हॅन फिरणार, नाहीतर व्हॅन विकून बेकरीला कुलूप. एकदा परीक्षेत ती घाबरून नापास झाली होती. आता दुसरी खेप होती.

परीक्षेच्या मैदानावर परीक्षा घेणारे साहेब तिच्या शेजारी बसले. मास्तर कुंपणाशी उभे. ती छान निघाली. वळण घेतले, गाडी मागे घेतली. चढावर मात्र क्लच निसटला आणि गाडी बंद पडली.

पोरगी गडबडली नाही. शिकवल्याप्रमाणे तिने किल्ली मागे फिरवली, हात मांडीवर ठेवले, तीन श्वास घेतले. मग माझ्या सवतीला फिरवले. दिवे लागले. स्टार्टर गप्प. पुन्हा फिरवले, आणि जावयाने असा गळा काढला की साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"गाडी धड नाही, तर परीक्षा कसली? पुढच्या महिन्यात या," म्हणत ते उतरून गेले.

मास्तर धावत आले. तिला रडताना पाहून त्यांनी सवयीने किल्ली काढली, बाहीला पुसली आणि गाडी सुरू करून दाखवली. "रडू नकोस. रुळेल हळूहळू."

मुलीने डोळे पुसले. "मास्तर, तुम्ही एकटे चालवता तेव्हा ही कधीच कशी अडत नाही?"

"मी गाडी बंद पाडत नाही म्हणून."

"नाही. तुम्ही बंद करून बसून राहत नाही म्हणून. जरा गप्प राहा आणि बघा."

तिने गाडी बंद केली, हात मांडीवर ठेवले. पहिला श्वास. दुसरा श्वास. तिसऱ्याला स्टिअरिंगखाली एक लाल ठिपका लुकलुकू लागला. तिने किल्ली फिरवली. स्टार्टर गप्प. जावयाला बोंब मारायची संधी न देता तिने त्याचे बटण दाबले आणि पुन्हा किल्ली फिरवली. गाडी सुरू.

"हात मांडीवर असले की मान खाली जाते, मास्तर. तेव्हा हा डोळा मिचकावताना दिसला. बटण न दाबताच हा आपोआप दार लावून घेतो. आपण श्वास घेतो आणि याला वाटतं मालक गेला! किल्लीचा काही दोष नाही. ना नवीचा, ना जुनीचा."

मास्तरांच्या शिस्तीनेच पोरीची परीक्षा बुडवली होती. घरी आल्यावर वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल लावला.

"एक तर ते तीन श्वास मोडा, नाहीतर जावयाला घालवा. दोघं एका गाडीत नांदायचे नाहीत."

"श्वास मोडले तर मी शिकवू काय?" मास्तर म्हणाले.

संध्याकाळच्या आत वायरमनने पेटी उपटली, पिळलेल्या तारा सोडवून नीट जोडल्या. "ही तार होती की कावळ्याचं घरटं?" एवढेच तो पुटपुटला. जावयाची रवानगी टेबलाच्या खणात झाली.

पुढच्या महिन्यात मैदानावर मास्तर कड्यातून नवी किल्ली पुढे करू लागले, तशी मुलगी म्हणाली, "जुनीच द्या. ती माझ्या हातची आहे."

मित्रांनो, त्या क्षणी सवतीचे तोंड पाहण्यासारखे झाले होते!

चढावर गाडी पुन्हा बंद पडली. हो, पडली. किल्ली मागे. हात मांडीवर. तीन श्वास. माझ्यावर पिठाचा तो हात आला, मी वळले, आणि पहिल्याच वळणाला गाडी गुरगुरली. साहेबांनी मान हलवली. पोरगी पास झाली.

रीतीप्रमाणे तिने मला मास्तरांच्या तळहातावर ठेवले. बाहेर तिचे वडील व्हॅनला टेकून उभे होते. त्यांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली. वाकडी, काळवंडलेली, सुतळीला बांधलेली. मुलीने ती ओढणीने पुसली आणि मुठीत घट्ट धरली. माझ्या दात्यादात्यातून कळ गेली. ज्या हातासाठी एवढे सोसले, तो शेवटी व्हॅनच्या किल्लीला मिळाला.

आता सवतसुद्धा जावयाच्या खणात असते. दोघे अंधारात माझ्याबद्दल काय कुजबुजतात, कोण जाणे. मी खिडकीजवळच्या खिळ्यावर, माझ्या जागी. कुलूप माझे आहे, मान माझा आहे. उद्या नवा तळहात येईल, ओला, घाबरलेला.

मित्रांनो, घरातले काही अडले की सगळ्यांत जुन्याकडे बोट दाखवू नका. आधी बघा, त्याच्या शेजारी नवे काय आणून टांगले आहे. आणि कुणाच्याही भरवशावर चांगल्या तारा कापू देऊ नका. आणखी एक. जुन्या वस्तूला पुसायला तिचा दोष सापडायची वाट पाहू नका. मास्तर आता मला पुसत नाहीत. गाडी अडतच नाही, मग पुसतील कशाला?

रोज पहाटे पावाचा वास येतो आणि कोपऱ्यावर ती व्हॅन सुरू होताना ऐकू येते. पहिल्याच वळणाला सुरू होते मेली. तिच्या किल्लीला कुणीतरी रोज पुसत असणार.