चिंचोक्यांची मोजणी

सकाळचे नऊ वाजले, तरी गोदावरीच्या कागदावर अकराच रेघा पडल्या होत्या. तिनं मान उंचावून तलावाच्या बांधाकडं पाहिलं. बांधावर एक म्हैस होती, दोन बगळे होते. माणूस मात्र औषधालासुद्धा नव्हतं.

असं कधी झालं नव्हतं. एकतीस वर्षं ती या वाटेनं विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जात होती. पुरानी बस्तीतून निघायचं, बांधावर चढायचं, आणि विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून पदर सावरत आत शिरायचं. नऊच्या सुमाराला तर या वाटेवर खांद्याला खांदा लागायचा. खोल्या घेऊन राहणारी पोरं-पोरी सायकलींवर, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया घाईघाईत, दुधाचे कॅन, भाजीच्या टोपल्या. आज सगळ्यांना जणू धरणीनं गिळलं होतं.

"काकू, ऐसे तो नहीं होगा," गंधाली म्हणाली. ही सर्वेची इंजिनिअर पोरगी. आजीचं मराठी ऐकत रायपुरातच वाढलेली, समजायचं सगळं, पण उत्तर हिंदीत द्यायची. विद्यापीठापासून थेट जयस्तंभ चौकापर्यंत पायी आणि सायकलनं जाता येईल अशी सलग वाट करायची, वाटेत छोट्या बसचे थांबे ठेवायचे, असं घाटत होतं. ती वाट बांधावरून न्यायची की मोठ्या रस्त्याच्या कडेनं, हे आजच्या मोजणीवर होतं. संध्याकाळी सहापर्यंत बांधावरून जाता-येता मिळून पाचशे माणसं गेली, तर बांध. नाही गेली, तर मोठा रस्ता. आणि मग मागची भिंत पक्की बांधून खिंडार कायमचं बुजवायचं. वाटेची माहितगार म्हणून लायब्ररीनं गोदावरीला एका दिवसासाठी मोजणीला दिलं होतं.

मोठ्या रस्त्यानं गोदावरी कधीच जायची नाही. सात वर्षांपूर्वी बांध पाण्याखाली गेला होता, म्हणून तिचा नवरा हरिदास, विद्यापीठाचा माळी, एक दिवस मोठ्या रस्त्यानं गेला होता. एकच दिवस. सायकल तेवढी परत आली.

ती उठली, कागद गंधालीच्या हाती दिला आणि पाऱ्यात, म्हणजे आपल्या वस्तीत, शिरली.

पाऱ्याच्या तोंडाशी शालिग्राम दूधवाला कॅन पालथे घालून बसला होता. आज सगळे मोठ्या रस्त्यानं वळसा घालून गेले, असं त्यानं निवांत सांगितलं. का, ते सांगायला त्यानं नुसती हनुवटी बांधाकडं उडवली. तिथं गंधालीचं नारंगी जॅकेट उन्हात पळसासारखं पेटलं होतं.

"पहिली घलो अइसने जॅकेट वाले आय रिहिन, दीदी," तो छत्तीसगढीत म्हणाला. "कागज मा नाव लिखिन. महिना भर मा बुलडोजर आगे."

खरं होतं. चार वर्षांपूर्वी तलावाकाठच्या टपऱ्या अशाच गेल्या होत्या. तेव्हापासून कोणी कागद घेऊन उभं राहिलं की पारा गोगलगायीसारखा आत ओढला जायचा. आज तर ज्यांची ही वाट, तेच लपून बसले होते, आणि लपल्यापायीच वाट जाणार होती. गोदावरीला हसूही आलं आणि रडूही.

नाव कोणी लिहीत नाही, नुसती डोकी मोजायची आहेत, असं तिनं समजावलं. शालिग्रामनं ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून म्हणाला, यात तुझा काय फायदा, दीदी?

"माहा?" गोदावरी कॅनवर टेकली. "मी तं या महिन्यात रिटायर होऊन राहिली, भैया. वाट बनन तवा मी घरी बसली राहीन. मले काय भेटते? पन ते खिंडार बुजलं, तं तुह्या दुधाले अन् या पोट्ट्यायले त्या ट्रकायच्या मधून जा लागन. हरिदास कसा गेला, तुले मी काहून सांगू?"

शालिग्राम खाली पाहू लागला. "तोर बात मान लेथंव. कागज के बात नइ मानंव."

शेजारच्या ओट्यावर अंजनाबाई चिंच सोलत होती. तोंडाचं बोळकं, पण हात अजून यंत्रासारखा. चिंच एका टोपलीत, चिंचोके दुसरीत. गोदावरीचं लक्ष त्या टोपलीवर गेलं आणि तिथंच खिळलं.

"आजी, हे चिंचोके मले देता का आजच्या दिवस?"

"भाजून खाशील का एवढे?"

"मोजाले पाह्यजे." ती शालिग्रामकडं वळली. "एक माणूस, एक चिंचोका. आता सांग, चिंचोक्यावर कोनाचं नाव लिहता येते का?"

अंजनाबाई अशी हसली की चिंच हातातून सुटली. शालिग्रामनं डोकं खाजवलं, पुन्हा खाजवलं, आणि कॅन उचलून सायकलीला अडकवले. "हव," म्हणाला, "अइसन हे त चल."

गंधालीनं आधी आढेवेढे घेतले. फॉर्म सोडून बिया मोजल्या, तर साहेब काय म्हणतील? पण बांध रिकामा होता आणि ऊन चढत होतं. तिनं जॅकेट काढून पिशवीत कोंबलं, खिंडाराच्या आतल्या बाजूला कडुनिंबाखाली जाऊन बसली, आणि दर तासाला बिया मोजून आकडा तिनं लिहायचा असं ठरलं. खिंडाराच्या तोंडाशी पोतं अंथरून गोदावरी बसली. पुढ्यात पितळेचं पातेलं, गंज. शालिग्राम पहिला गेला. टक.

त्या एका आवाजानं जणू पाऱ्याची कडी निघाली. आधी दोन बाया आल्या, बिचकत, पदर तोंडावर घेऊन. टक, टक. मग भाजीची टोपली. मग सायकलींचं एक टोळकं घंट्या वाजवत. मोठ्या रस्त्यावर गेलेल्यांना कोणी फोन केले, कोणी हाका मारल्या. अकराच्या वर्गाला जाणारी पोरं बांधावरून आली ती नाचतच आली. एक पोरगी सायकल थांबवून म्हणाली, "आंटी, मेरा वाला डाल दिया ना?" गोदावरीनं तिला चिंचोका दाखवून टाकला. मग प्रत्येकालाच आपला चिंचोका पडताना पाहायचा होता. गंजाभोवती देवळासारखी गर्दी.

हात चालू लागला की गोदावरीचा गळा आपोआप उघडायचा. आईच्या जात्यावरची ही सवय. ती गुणगुणू लागली,

"पायाखालची ग वाट, तिले नाही नाव गाव
लेक जाते, सून येते, साऱ्यायचा तिले ठाव."

मेसच्या बायांना चाल आवडली. पुढं जातानाही त्या तीच ओढत गेल्या.

दुपारी दोनला गंधालीनं आकडा सांगितला, दोनशे अठ्ठ्याऐंशी. चारला तीनशे शहाण्णव. मग वाट पुन्हा ओस पडली. साडेचारला शालिग्राम रिकामी सायकल घेऊन बांधावरून आला, खिंडारातून आत गेला, वळला, बाहेर आला, पुन्हा आत निघाला. गोदावरीनं मूठ मिटली.

"सकाळी गेला, दुपारी वापस आला. तुहे दोन झाले."

"एक ठन डार दे न, दीदी. कोन देखथे?"

"मी पाहून राहिली ना. लबाडीचा एक निघाला, तं खऱ्यायलेही कोनी खरं म्हननार नाही."

तो वरमला. मग सायकलीवर टांग मारून विद्यापीठात गेला, आणि पुढच्या दारानं मोठ्या रस्त्याकडं निघालेल्या पोरांना इकडून तिकडून हाका घालत मागं वळवू लागला. आज मागच्या वाटेनं घरी चला रे, असा त्याचा आवाज इकडं येत होता. आणि पाच वाजता वर्ग सुटले, तशी धरणाची दारं उघडल्यागत पोरं आली. सायकलींवर, पायी, दोघं दोघं, पाच पाच. गोदावरीला मान वर करायला फुरसत राहिली नाही. टक टक टक टक. बोटं चिंचेनं काळी झाली. मधेच कडुनिंबाखालून डोकी मोजणारी गंधाली ओरडत धावत आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य निघालं.

"काकू, पाचशे झाले!"

सहाला गंज मोजला तेव्हा सहाशे तेवीस चिंचोके होते. अकरा रेघा धरून सहाशे चौतीस. अंजनाबाई काठी टेकत आली होती. तिनं बिया ओंजळीत घेऊन पाहिल्या आणि म्हणाली, यातला एकही भाजू नका, पेरा.

हळूहळू सगळे पांगले. पोतं झटकताना गोदावरीला घडीत दोन चिंचोके सापडले. तिनं ते तळहातावर घेतले. एक तिचा होता. दिवसभर बसून होती, वाटेनं चालली कुठं होती? दुसरा हातात घेऊन ती गंजावर वाकली. चोवीस वर्षं हरिदास या बांधावरून गेला होता, कॅरिअरला खुरपं बांधून. चोवीस वर्षांत त्याला कोणी मोजलं नव्हतं.

गंधाली पाहत होती.

गोदावरीनं हात मागं घेतला. तो दुसरा चिंचोका तिनं पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. पहिला गंधालीच्या हातात दिला.

"मी निंगाली की टाक," ती म्हणाली.

मग खिंडारातून पदर सावरत ती बाहेर पडली आणि बांधावर चढली. तलावावर ऊन तिरपं झालं होतं. मागून आवाज आला, टक. तिनं वळून पाहिलं नाही. पदराची गाठ मुठीत धरून ती चालत राहिली, वाटेच्या जरा डाव्या अंगानं, जशी ती नेहमी चालायची, उजवीकडं एका सायकलीपुरती जागा सोडून.