मावशींची साक्ष

पाळकसाहेबांनी बाटलीचं बूच काढलं, अंगठा तेलात बुडवला आणि मावशींच्या कपाळावर टेकवला. तेल जरा जास्तच झालं होतं. ते ओघळून डोळ्यांत जाईल की काय, म्हणून मावशींनी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि पाळकसाहेबांना वाटलं, मावशी प्रार्थनेत बुडाल्या.

मावशी कसल्या बुडतायत! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. महिना होत आला, पायांतलं बळ गेलं म्हणून त्या या खाटेवर पडून होत्या, आणि पाय चांगले ठणठणीत होते.

सुरुवात खोटी नव्हती, एवढंच त्यांच्या बाजूनं सांगता येईल. त्यांची एकुलती एक लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मेणात दात बसवायचं काम करायची. तिचा हात इतका बारीक, की गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. मावशींच्या तोंडातली कवळीही तिनंच केलेली. एका संध्याकाळी दारात चपला काढता काढता तिनं सांगितलं, की दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं तिला बोलावलंय. नोकरी कायमची आहे, राहायला खोलीसुद्धा मिळणार आहे. मावशी "बरं झालं गं" म्हणाल्या, चहाचं पातेलं घ्यायला वळल्या आणि स्वयंपाकघराच्या पायरीवरून पाय सटकून खाली आल्या. घोटा टम्म सुजला. आठवडाभरात सूज उतरली. आता उठायचं, असं ठरवून मावशींनी पांघरूण बाजूला सारलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "तू अशी असताना मी जाते कशी, आई?" मावशींनी पांघरूण परत ओढून घेतलं.

मग ते ओढलेलं तसंच राहिलं. नवरा गेल्यापासून एकच प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता. उद्या आपण अंथरुणाला खिळलो, तर तोंडात पाणी घालायला कोण? लेक गेली की घरात भिंतीच उरणार. डॉक्टर येऊन गुडघे ठोकून गेले, काही सापडत नाही म्हणाले, अशक्तपणा असेल म्हणाले. चर्चमधल्या बायका आळीपाळीनं डबे आणू लागल्या. डबा उघडला की मावशींच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि घास उतरत नाही हे बघून बायका आणखी कळवळत. दिवसभर पडून पडून अंग आंबायचं. लेक कामावर गेली की मावशी दाराला आतून कडी घालून घरभर फिरून घ्यायच्या.

आणि आज हे तेल. आजाऱ्याला तेल लावून वडील मंडळींनी प्रार्थना करावी, असं शास्त्रात सांगितलंय, म्हणून पाळकसाहेब आपणहून आले होते. सोबत चर्चच्या पंचांतले सगळ्यात वयस्कर, निवृत्त पोस्टमास्तर. कपाळावर क्रूस काढून झाल्यावर पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं.

"मावशी, आज तुमचाच उतारा वाचतो," ते म्हणाले.

तो आकाशातल्या पाखरांचा उतारा होता. पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना खायला घालतो. रानातली फुलं सूत कातत नाहीत. तेव्हा उद्याची चिंता करू नका. मावशींनी संडे स्कूलमध्ये कितीतरी वर्षं हाच उतारा शिकवला होता. कागदाची पाखरं कापून त्या दोऱ्याला टांगायच्या आणि मुलांकडून ओळी घोकून घ्यायच्या. खुद्द पाळकसाहेब अर्ध्या चड्डीत असताना त्यांच्याच पुढ्यात बसून हे शिकले होते. आता तेच त्यांच्या उशाशी उभं राहून, त्यांनी शिकवलं तिथेच थांबत, त्यांनी शिकवला तिथेच जोर देत वाचत होते. मावशींना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

वाचन संपलं, प्रार्थना सुरू झाली. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले, की या मुलीनं आईसाठी एवढ्या मोठ्या नोकरीवर पाणी सोडलं. सोमवारी ती दवाखान्याला नकार कळवणार आहे, तिच्या या त्यागाचं फळ तिला दे. मावशींचं काळीज लक्कन हललं. लेक काय ठरवणार याचा घोर त्यांना होताच. तिनं ठरवून टाकलंय हे त्यांना आत्ता, पाळकसाहेब देवाला सांगत असताना कळत होतं. लेक स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तिथून कपांचा आवाज येत होता.

तेवढ्यात पोस्टमास्तर गुडघ्यांवर टेकले. गुडघ्यांच्या दुखण्यानं हा माणूस चर्चमध्येही खुर्चीवर बसूनच प्रार्थना करायचा. इथे मात्र खाटेची कड धरून, कण्हत, ते खाली फरशीवर उतरले आणि मावशींसाठी देवाकडे रडू लागले. अगदी लहान मुलासारखे. आमेन झालं. पाळकसाहेब तेलाची बाटली बूच लावून पिशवीत ठेवत होते. पोस्टमास्तरांनी उठायचा प्रयत्न केला, एक गुडघा उचलला, आणि त्यांचा तोल जाऊन डोकं लोखंडी खाटेच्या कोपऱ्याच्या दिशेनं निघालं.

मावशी टुणकन उठल्या. दोन्ही पाय जमिनीवर रोवून त्यांनी पोस्टमास्तरांना बखोटीला धरलं आणि उभं केलं. खुर्ची ओढून तीत बसवलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण उभ्या आहोत.

मग पोस्टमास्तरांनी हात वर केले.

"प्रभूची स्तुती असो," ते म्हणाले. "मावशी, अहो, तुम्ही चालताय!"

हीच वेळ होती. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. मावशींनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "त्याचीच कृपा."

पोस्टमास्तरांना आनंद मावेना. उद्या उपासनेत मावशींनी साक्ष द्यायचीच, देवानं काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचंच, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. या डोळ्यांनी एवढं पाहिलं, आता मरायला मोकळा, असंही म्हणाले. चहासाठीही न थांबता पाळकसाहेबांना घेऊन ते बाहेर पडले. रस्त्यानं जाताना भेटेल त्याला थांबवून सांगतानाचा त्यांचा आवाज मावशींना खिडकीतून बराच वेळ ऐकू येत होता.

लेक चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा खोलीत आई एकटीच उभी होती. मावशींना वाटलं, पोरगी आता गळ्यात पडेल. लेकीचा चेहरा मात्र पडला. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला, एक कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"आता तू जा," मावशी म्हणाल्या. "सोमवारी होकार कळव."

लेक म्हणाली, असं लगेच कसं जाता येईल, परत काही झालं म्हणजे? मावशी म्हणाल्या, काही होणार नाही. लेक म्हणाली, सांगता येत नाही. असं दोन-तीनदा झालं. शेवटी मावशी खाटेवर बसल्या आणि चहाच्या कपांकडे बघत म्हणाल्या, "मला काही झालंच नव्हतं."

"ठाऊक आहे," लेक म्हणाली.

मावशींनी मान वर केली.

"एका दुपारी मी माझा मेण कोरायचा चाकू घरी विसरले होते, तो न्यायला आले. खिडकीतून पाहिलं, तर तू स्टुलावर चढून पडदे काढत होतीस. मी तशीच परत गेले."

"मग बोलली का नाहीस?"

बोटाला चिकटलेलं मेण लेक नखानं खरवडत होती.

"मलाच जायचं नव्हतं, आई. तिथे सगळी नवी यंत्रं आहेत. ती मला जमली नाहीत तर? खोलीत एकटी आजारी पडले तर? तू पडून होतीस, म्हणून मला हे कुणाला सांगावं लागलं नाही. लोक उलट चांगलं म्हणत होते."

मावशींना रागवायला तोंडच नव्हतं. हे 'तर' त्यांचं होतं. शाळेची सहल असली, की पाऊस आला तर, गाडी चुकली तर, हात सुटला तर, असं म्हणून त्यांनी पोरीला घरी ठेवलं होतं. पोहायला पाठवलं नाही, सायकल घेऊ दिली नाही. दुसऱ्यांच्या मुलांना कागदाची पाखरं शिकवली, आणि स्वतःच्या मुलीला, घरी, रोज, जेवणाबरोबर भीती वाढली. हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा तेलानं चिकट झालेलं कपाळ त्यांनी पदरानं इतकं घासलं, की लाल झालं. दोघींनी मग गार झालेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं होतं. पोस्टमास्तरांनी काम चोख केलं होतं. कधी न येणारेही आले होते. मावशी चालत आत शिरल्या, तेव्हा बायकांनी त्यांचे हात धरले, काहींनी त्यांच्या पायांनाही हात लावून पाहिला. मावशी कानकोंड्या होऊन बाकाच्या टोकाला बसल्या. आदल्या संध्याकाळपासून तो उतारा त्यांच्या डोक्यात घोळत होता, आणि एक साधी गोष्ट त्यांना आता या वयात कळली होती. भिऊ नको असं आपण भ्यालेल्यालाच सांगतो. प्रभूच्या पुढे डोंगरावर बसलेली ती माणसं घाबरलेलीच असणार. त्या माणसांत आपल्यालाही जागा होती, आणि आपण आयुष्यभर बाजूला उभ्या राहून पाखरं कापत बसलो.

साक्षीची वेळ आली. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. मावशी पुढे गेल्या. पहिल्या रांगेत पोस्टमास्तर इस्त्रीचा कोट घालून, मान ताठ करून बसले होते. त्यांच्याकडे बघितलं तर शब्द फुटणार नाही, म्हणून मावशींनी मागच्या दाराकडे बघितलं.

"मी आजारी नव्हते," त्या म्हणाल्या. "लेक गेली तर माझं कसं होईल, या भीतीनं मी सोंग घेतलं. तुम्ही डबे आणलेत, प्रार्थना केल्यात, मी गप्प राहिले. काल मी देवाच्या नावावरही खोटं खपवलं. मला लाज वाटते. मला माफ करा."

लेकीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. कुणीतरी खोकलं. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. पोस्टमास्तरांची मान हळूहळू खाली गेली, आणि ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मावशी जागेवर परत यायला वळल्या. ती एवढीशी वाट संपता संपेना.

त्या बसण्याआधीच लेक उठली. चर्चमध्ये चारचौघांत तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"आईचं सोंग मला माहीत होतं, तरी मीही गप्प राहिले," ती म्हणाली. तिची बोटं बाकाच्या पाठीवर घट्ट आवळलेली होती. "मी उद्या होकार कळवणार आहे. मला फार भीती वाटते. माझ्यासाठी प्रार्थना करा."

पाळकसाहेब पुढे आले, आणि थांबले. ते मावशींकडे बघत होते. मावशींनी मान हलवली, नको म्हणून. या हातांनी आता कुणासाठी काय मागायचं? पाळकसाहेब तसेच थांबून राहिले. लेकीनं वळून आईसमोर डोकं वाकवलं.

मावशींनी तिच्या केसांवर हात ठेवला. प्रार्थना त्यांना नवी नव्हती; महिला मंडळात त्या घटकाभर न अडखळता बोलत, वचनांमागून वचनं येत. आज एकही आठवलं नाही. सगळे डोळे मिटून वाट बघत होते.

"बापा," त्या म्हणाल्या, "आम्हा दोघींना भीती वाटते." पुढे काही सुचेना. "तू आहेस ना?"

मग पुढच्या रांगेतून, घोगऱ्या आवाजात, पहिलं आमेन पोस्टमास्तरांनी म्हटलं. मागे वळून त्यांनी पाहिलं मात्र नाही.