अरुंधती यानाचा कौल

शुक्रवारचा भाग आला नाही आणि मुख्तारला जेवण गेलं नाही. आता एक मालिका थांबली म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या, महाड-पोलादपूर टेम्पो हाकणाऱ्या माणसाला जेवण का जाऊ नये, असं तुम्ही विचाराल. विचारा की. पण आधी नीट ऐकून घ्या, मग हसा.

'सप्तर्षीपलीकडे' ही मालिका आधी रेडिओवर लागायची, मग मोबाइलवर आली. अठरा वर्षं झाली, अरुंधती नावाचं यान अंतराळात भटकतंय, आणि टेम्पोच्या केबिनमध्ये मुख्तार त्याच्यासोबत भटकतोय. बायको परवीन हयात होती तोवर हा नुसता नाद होता. घरातलं बोलणं सगळं तिच्यामार्फत चालायचं. मुलगा अनस मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला गेला, तरी बाप-लेकाची खुशाली तीच इकडून तिकडे पोचवायची. मग परवीन गेली. त्यानंतर अनसचा पहिला फोन आला तेव्हा दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरलेली. बोलायचं काय? सवयच नव्हती! तेवढ्यात मागे मालिकेचं संगीत वाजलं आणि अनस म्हणाला, "अब्बा, तुम्ही पण ऐकता?"

झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी भाग संपला की मस्कतहून फोन यायचा. यान कुठे चाललंय, कॅप्टन देवयानी खरं बोलतेय की खोटं, यावर दोघं तासभर भांडायचे. दुसरा विषय नाही. असा फोन दोन वर्षं एकदाही चुकला नव्हता.

आणि आता मालिका काढणाऱ्या कंपनीनं आपल्या ॲपवर एक ओळ टाकली होती: पुढील भागांबाबत लवकरच कळवू. त्या शुक्रवारी भाग आला नाही. फोनही आला नाही. मुख्तार रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन बसून राहिला. आपण लावावा, असं त्याच्या मनात आलं. पण लावून बोलणार काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शनिवारी पोलादपूरच्या चहाच्या टपरीवर मंडळी जमली. मंडळी म्हणजे तिघं आणि मुख्तार. अक्षदा हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, मालिकेतल्या चुका काढत काढत एकही भाग न चुकवणारी. शुभमचं मोबाइलचं दुकान. आणि भागोजी, शिवथरच्या खोऱ्यातला म्हातारा शेतकरी, खिशात मोबाइल वाजवत नांगर धरणारा.

"काल मी कंपनीला फोन लावून लावून थकलो," शुभम म्हणाला. "उचलतं कोण? आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणे. एवढा महत्त्वाचा तर उचला ना! कोण म्हणतं ॲप विकलं, कोण म्हणतं लेखकाशी वाजलं."

"आणि नेमकं कुठे आणून सोडलंय बघा," अक्षदा कळवळून म्हणाली. "आसपास कोट्यवधी किलोमीटर काही नाही, आणि यानाचं दार बाहेरून कुणीतरी ठोठावतंय! कोण असेल ते?"

"ज्याची जागा, तो," भागोजी शांतपणे म्हणाला.

"म्हणजे?"

"अगो, परक्या हद्दीत शिरलं की आधी जागेवाल्याला नारळ ठेवायचा. ही अठरा वर्षं हिंडतायत, एक नारळ फोडला काय? राखणदार आला विचारायला, कोण रे तुम्ही म्हणून."

शुभम चहा सांडेपर्यंत हसला. अक्षदा मात्र हसली नाही. "विचार वाईट नाही हं काका. पण मला वाटतं ते यानातलेच लोक आहेत. काळात गाठ पडलीय आणि ते स्वतःचंच दार ठोठावतायत. मुख्तारभाई, तुम्हाला काय वाटतं?"

मुख्तारला वाटत होतं की तो यानाबाहेर हरवलेला, मेला म्हणून सोडून दिलेला मेकॅनिक असणार. त्याचं प्रेत कुणी पाहिलं नव्हतं. पण हे त्याला अनसला सांगायचं होतं, टपरीला नव्हे. तो म्हणाला, "मालिका पुढे चालणार हाय की नाय, तेवढं कुणीतरी सांगा रे मला. बाकी गेलं खड्ड्यात."

"मग कौल लावूया," भागोजी म्हणाला.

आमच्याकडे घोडं अडलं की देवाला कौल लावतात. लग्न जुळेल काय, हरवलेली म्हैस मिळेल काय, विहिरीला पाणी लागेल काय. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण अंतराळयानाचा कौल! इतक्या वर्षांत त्या देवाला असलं कुणी विचारलं नसेल. शुभमनं "चला" म्हणून टाळी दिली. अक्षदा म्हणाली, "माझा विश्वास नाही, मी नुसती बघायला येते," आणि रविवारी सकाळी टेम्पोत सगळ्यांच्या आधी तीच चढून बसली.

देऊळ भागोजीच्या गावावरच्या टेपाडावर होतं. खाली खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, वर देवळापाशी मात्र भरपूर, त्यामुळे तिथे भक्तांपेक्षा फोनवाल्यांचीच वर्दळ जास्त. महादू गुरवानं पाकळ्या भिजत घातल्या होत्या. मुख्तार चपला काढून पायरीपाशी उभा राहिला.

"तिकडे काय उभा? आत ये की," महादू म्हणाला. "तुझा बा पालखीला खांदा लावायचा. बोला, काय घालायचंय देवाला?"

"मालिका पुढे चालेल काय?" भागोजी म्हणाला.

"मालिका नको, कॅप्टन जिवंत राहील का ते विचारा," शुभम म्हणाला.

"दार कोण ठोठावतंय, ते," अक्षदाच्या तोंडून निघून गेलं.

"बघा, विश्वास नाय म्हणत होती!" भागोजी खदखदला.

"कोण आणि कशाला असं नाय चालत बाई, हो की नाय एवढंच चालतं," महादू म्हणाला. त्याला यानाचं काही कळत नव्हतं, पण कौलातलं कळत होतं. "आणि प्रश्न एकच. ज्याचं खरंच अडलंय त्यानंच घालायचा. गंमत म्हणून घातला तर देव पाकळी हलवत नाय. तर अडलंय कुणाचं?"

भागोजीनं डोकं खाजवलं. त्याचा नांगर मालिकेवाचून थांबणार नव्हता. शुभम अक्षदाकडे बघू लागला, अक्षदा पाकळ्यांकडे.

"माझं," मुख्तार म्हणाला.

सगळे वळले. मुख्तारला आपलाच आवाज अनोळखी वाटला, पण तोंडातून शब्द निघाला होता आणि महादू वाट बघत होता.

"मला यानाचं काय करायचंय, महादू? जाऊ दे तिकडे, नायतर बुडू दे. माझा पोरगा शुक्रवारी फोन करतो तो या मालिकेपायी. परवा भाग नव्हता तर फोन नाय केला त्यानं. मालिका बंद पडली तर आमच्यात बोलायला काय उरतंय? पोराचा फोन येईल काय, एवढं विचार देवाला."

अक्षदानं डोळे पुसले आणि पुसलेच नाहीत असं दाखवलं. महादूनं मात्र बोटावरची पाकळी परत पाण्यात सोडली.

"याला कौल नाय लागत."

"का? मी मुसलमान म्हणून?"

"गप रे! काय पण बोलतोस. माणसाला विचारून कळतं ते देवाला विचारायचं नसतं, अशी रीत हाय. पोरगा जिता हाय, त्याच्याकडे फोन हाय, तुझ्या खिशात फोन हाय. देवाला मध्ये कशाला घालतोस? लाव फोन."

"आणि बोलू काय?"

"ते पण देवानंच सांगायचं काय?"

मुख्तार बाहेर पायरीवर आला. आजवर त्यानं अनसला स्वतःहून कधीच फोन लावला नव्हता. आधी परवीनच लावायची, मग अनसच करायचा. त्यानं नंबर लावला. मस्कतला सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी ही ऐन कामाची वेळ, उचलणार नाहीच, असं तो स्वतःला सांगत होता, तोच पहिल्या रिंगला फोन उचलला गेला.

"अब्बा? काय झालं? बरे हायत ना तुम्ही?"

"मी बरा हाय."

"मग? भाग आला काय?"

"नाय आला. तू ड्युटीवर नाय?"

अनस हळूच म्हणाला, "खोलीवर हाय."

"आज? रविवारी?"

"हात भाजलाय अब्बा. वेल्डिंग करताना. उजवा. होतील आता तीन आठवडे."

मुख्तारनं मनातल्या मनात शुक्रवार मोजले. तीन आठवडे! म्हणजे मागे ज्या शुक्रवारी पोरानं फोन स्पीकरवर ठेवला होता, तो काही बापाचं नीट ऐकू यावं म्हणून नव्हता. उजव्या हातानं त्याला फोन धरताच येत नव्हता. आणि त्या दिवशी आपण तासभर काय बोललो? कॅप्टनच्या पोशाखाला छिद्र पडलं तर ती किती वेळ तगेल, यावर हिरिरीनं भांडलो. पोरगं बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन हो ला हो करत होतं.

"या शुक्रवारी फोन का नाय केलास?"

"भाग नव्हता. म्हटलं, काय सांगून फोन करू? नुसता केला असता तर रडू आलं असतं."

"अरे, पण हाताचं आधी का नाय सांगितलंस मला?" मुख्तार ओरडलाच. देवळातले चौघंही दारात आले.

"तुम्ही विचारलं नाय कधी," अनस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मुख्तारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आता विचारतो. हात कसा हाय? जेवतोस कसा? भात कोण कालवून देतं तुला?"