गोडदेवच्या गाळ्यातली पत्तेवाली आई

१९९३ च्या श्रावणात दर रविवारी दुपारी गोडदेव गावातल्या एका रिकाम्या गाळ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आत हरिश्चंद्रबाबाच्या अंगात आई यायची, आणि ही आई लोकांना तीन पत्ती खेळवायची.

"चाल तुझी, माल आईचा. टाल मत बेटा, डाल," असं बरळत बाबा खेळणाऱ्यांच्या मागून फिरायचा, पत्त्यांवर अंगारा फुंकायचा. आई प्रसन्न व्हायची ती बहुतेक वेळा नीरज आणि रमणिक या दोघांवरच. लोक म्हणायचे, त्यांची भक्ती मोठी.

पूनम सागर वसाहतीत उत्तम नावाचा माझा शेजारी होता, कारकून. त्याची भक्ती कमी पडत होती. पगार पत्त्यांत गेला, मग बायकोच्या पाटल्या विकल्या. बाबा म्हणाला, "तुझ्या घरात कुणीतरी शंका घेतंय." उत्तम घरी येऊन बायकोवरच, उर्मिलावर, ओरडला. ती शाळेत गणित शिकवायची. शांतपणे म्हणाली, "रविवारी मीपण येते." मीही सोबत गेलो.

दुपारभर ती नुसती बघत होती. एका डावात उत्तम, नीरज आणि रमणिक तिघेच उरले. बाबाने उत्तमच्या पत्त्यांवर फुंकर मारली. "उदे गं आई." नीरजने चाल दुप्पट केली, रमणिकने त्याहून चढवली. तिघे खेळात असताना पत्ते दाखवायला सांगता येत नाही. पैसे लावत राहा, नाहीतर सोडा. शेवटी उत्तमने पत्ते टाकले. लगेच रमणिकनेही टाकले. नीरजने पैसे ओढले.

उर्मिला उठली आणि तिघांचे पत्ते उलटवले. नीरजकडे दुर्री, पंजा, नव्वी. रमणिककडे त्याहूनही कचरा. उत्तमकडे दोन राजे.

"ताई, आईची परीक्षा घेऊ नये," मागून कुणीतरी म्हणालं.

"आईची नाही, बाबाची आणि या दोघांची घेतेय," उर्मिला म्हणाली. "फुंकर मारताना हा बाबा पत्ते बघतो. समोरच्याकडे फारच भारी पत्ते असले की 'जय अंबे' म्हणतो, मग हे दोघं गुमान सोडतात. नाहीतर 'उदे गं आई', आणि दोघं मिळून तिसऱ्याला पिळतात. पुढचा डाव बाबांनी भिंतीकडे तोंड करून, गप्प बसून खेळवावा. आई तेवढ्याने अडेल का?"

बाबा म्हणाला, आई रागावून निघून गेली. मग तोही निघाला, मागोमाग नीरज आणि रमणिक. उत्तम त्या दोन राजांकडे बघत बसून राहिला.

पाटल्या परत आल्या नाहीत. आणि बाहेर पडताना मी ऐकलं, "बाईने देव घालवला."

संताप मला त्या तिघांपेक्षा या वाक्याचा येतो. चोर चोरी करणारच. त्याला पाट आपण मांडून देतो. देव मानायचा तर माना. पण देवाचं नाव घेऊन कुणी तुमच्या हातातले पत्ते बघत असेल, तर आधी त्याचे पत्ते उलटवून बघा. त्याने खरा देव रागावत नाही.