सूचकाचं नाव

श्रीपत भोईरचा मत्सर पंचवीस वर्षांचा होता आणि त्यानं तो नीट जपला होता. एवढ्या वर्षांत माणसं मैत्री विसरतात, शेजार विसरतात. हा गृहस्थ मात्र अल्पेश म्हात्रेचं नाव कुठं छापून आलं की आधी फोटो केवढा आहे ते बघायचा, मग मजकूर वाचायचा, आणि मग दिवसभर बायकोशी तुटक बोलायचा.

कारण एकच, राज्य विद्यार्थी उद्योग परिषद. आज तिच्या चौतीस जिल्ह्यांत शाखा आहेत. कॉलेजची मुलं तीन दिवस खराखुरा धंदा करून दाखवतात, त्यांची राज्यभर स्पर्धा होते, जिंकलेल्या मुलांचा फेटे बांधून सत्कार होतो. एवढा पसारा सुरू झाला तो वसईतल्या एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, दोन हजार साली, बी.कॉम.च्या दहा-बारा पोरांमुळे. त्यांचा पहिला धंदा म्हणजे चिंचोटीच्या धबधब्यावर येणाऱ्यांना ओले कपडे ठेवायला प्लास्टिकच्या पिशव्या विकणं. एका रविवारात माल संपला आणि पुढच्या रविवारी विरारच्या पोरांनी तिथंच दुकान मांडलं. त्या भांडणातूनच दुसरी शाखा निघाली.

अल्पेश या परिषदेचा पहिला अध्यक्ष. आता नायगावला त्याचा खोक्यांचा कारखाना आहे आणि परिषदेच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची आहे. श्रीपत पहिला चिटणीस. त्याचं माणिकपूरला विम्याचं छोटं ऑफिस आहे आणि कार्यक्रमात जिथं जागा मिळेल तिथं तो बसतो.

खुर्चीचंही त्यानं सोसलं असतं. सोसत नव्हतं ते सभेच्या ठरावांच्या पक्क्या वहीतलं पहिलं पान. परिषदेत कुठलाही ठराव झाला की त्याखाली दोन नावं यायची, सूचकाचं आणि अनुमोदकाचं. ज्यानं मांडलं तो सूचक, ज्यानं पाठिंबा दिला तो अनुमोदक. पहिल्या पानावर पहिला ठराव होता, अशी परिषद राज्यभर स्थापन करावी. सूचक, अल्पेश म्हात्रे. अनुमोदक, श्रीपत भोईर.

आणि कल्पना तर श्रीपतची होती. कॅन्टीनच्या बाकावर तासभर घसा कोरडा करून त्यानंच ती सगळ्यांना पटवली होती. पण चिटणिसानं ठराव मांडायचा नाही, फक्त लिहायचा, असा नियम होता, म्हणून त्यानं मनाचा मोठेपणा दाखवून दोस्ताचं नाव घातलं. ही हकिकत बायकोनं, जयवंतीनं, लग्नाच्या पहिल्या वर्षी सहानुभूतीनं ऐकली होती. पुढं तिची सहानुभूती संपली, हकिकत काही संपली नाही.

यंदा परिषदेला पंचवीस वर्षं झाली. मोठं अधिवेशन भरणार होतं, स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात परिषदेचा इतिहास लिहायचं काम आलं श्रीपतकडे, कारण पक्की वही त्याच्या कपाटात होती. त्याला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, मूळ कल्पना कुणाची.

"मंग लिवा ना तुमचा नाव," जयवंती भाजी निवडता निवडता म्हणाली. "कोन इचारतंय आता?"

"अल्पेश विचारेल. पुरावा लागतो."

पुरावा कुठं असेल हेही त्याला ठाऊक होतं. सभेत जे घडेल ते आधी कच्च्या वहीत उतरायचं. ती वही सहचिटणीस जीना डाबरे लिहायची. त्यावरून श्रीपत घरी पक्की प्रत काढायचा. कच्च्या वहीत खरं नाव असणारच. तेवढं पान अल्पेशच्या तोंडावर धरायचं, मग बघू पहिल्या रांगेत कोण बसतं ते. नुसत्या विचारानं श्रीपतला चार घास जास्त गेले.

जीनाचं माणिकपूरला, चर्चजवळच, शिवणकामाचं दुकान आहे. पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक आणि लग्नाचे गाऊन शिवावेत तर तिच्याकडेच, असं वसईभर बोललं जातं. सात बायका मशिनवर बसलेल्या होत्या. श्रीपतला बघून जीनानं चष्मा कपाळावर सरकवला.

"कच्ची वही? आहे ना," ती म्हणाली. "मी काही टाकत नाही."

जाऊन तिनं लेसच्या रिळांमागून एक शाळकरी वही काढली. पुठ्ठा गेला होता, पण अक्षर शाबूत होतं. श्रीपतनं पहिलं पान उघडलं. तारीख होती, हजर असलेल्यांची नावं होती, ठराव होता. खाली लिहिलं होतं, सूचक, जीना डाबरे. अनुमोदक, श्रीपत भोईर.

त्यानं पुन्हा वाचलं. मग पान उलटून बघितलं, मागं काही असलं तर. मागं पिशव्या कुठून आणायच्या याची यादी होती.

"हे तू तुझं तुझं लिहिलंस," तो म्हणाला.

"खाली सही कोणाची आहे बघ."

सही त्याचीच होती. 'वाचून बरोबर', आणि लफ्फेदार भोईर.

"अल्पेशनं मांडला नव्हता?"

"अल्पेश आला तेव्हा चहासुद्धा संपला होता, श्रीपत. मी मांडला. तू पाठिंबा दिलास आणि तासभर बोललास, हे खरं. तू बोलायचास छान." तिनं सुई सुयांच्या उशीत खोचली. "दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे आलास. म्हणालास, चिटणीस आणि सहचिटणीस यांनी ठराव मांडायचा नसतो, नियम आहे. मी विचारलं, कुठं लिहिलाय? तू म्हणालास, असतो असा. आणि पक्क्या वहीत अल्पेशचं नाव घालून आलास."

श्रीपत खुर्चीवर बसला. आता त्याला आठवायला लागलं, आणि नको तेवढं आठवलं. त्याच आठवड्यात अकाउंट्सच्या पेपरात जीना वर्गात पहिली आली होती आणि तो दुसरा. सरांनी तिचा पेपर सगळ्यांना दाखवला होता. त्यात हा ठरावही तिच्या नावावर लागणार म्हटल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हणून त्यानं नियम काढला. अल्पेशचं नाव घातलं, कारण अल्पेश निदान दोस्त होता आणि अभ्यासात यथातथाच होता. तिच्यासाठी काढलेला तो नियम पुढं कधी आपल्यावरचा अन्याय होऊन बसला, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"मला फार राग आला होता," जीना म्हणाली. "पदवी मिळेपर्यंत तुझ्याशी बोलले नाही मी. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

आलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष अल्पेशकडे होतं.

"आता काय लिहू?" त्यानं विचारलं.

"ते तू ठरव. माझ्यावर उपकार म्हणून लिहू नको एवढंच. वही मात्र इथंच राहील, फोटो काढ हवा तर."

त्यानं फोटो काढला. घरी येऊन दोन दिवस तो लिहायला बसायचा आणि उठायचा. अल्पेशचं नाव त्याच्या हातून उमटेना. स्वतःचं लिहावं, तर ती वही लेसच्या रिळांमागं बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लिहिलं, 'परिषदेची मूळ कल्पना जीना डाबरे यांची. पक्क्या वहीत सूचक म्हणून अल्पेश म्हात्रे यांचे नाव पडले, ती चूक माझी.' त्यात थोरपणा फार नव्हता. लिहिताना त्याला खरा आनंद झाला तो अल्पेशचं नाव गेलं याचा. त्यानं मजकूर अल्पेशला व्हॉट्सॲप केला आणि ऑफिसात पाय पसरून बसला. आता जळू दे त्याला, बघू दे कसं वाटतं.

दहाव्या मिनिटाला फोन आला.

"बरं केलंस रे," अल्पेश म्हणाला. आवाजात राग औषधालाही नव्हता. "मला कित्येक वर्षं टोचत होतं. मी मांडला नव्हता, एवढं मला ठाऊक होतं ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बरं वाटायचं, म्हणून. खोटं कशाला बोलू?" अल्पेश म्हणाला. "पण मला वाटायचं, कल्पना तुझी. कॅन्टीनमध्ये आलो तेव्हा तूच बोलत होतास. म्हटलं, यानं मोठेपणानं माझं नाव घातलं. म्हणून या वेळी भाषणात सगळ्यांसमोर सांगणार होतो. अधिवेशनाला तीन हजार पोरं येतायत, त्यांच्यापुढं तुला स्टेजवर बोलावणार होतो. लिहूनपण ठेवलंय. आता जीनाचं नाव घालतो."

श्रीपत मनात हिशेब करू लागला. हा मजकूर आज पाठवला नसता तर. पाठवलाच नसता तर. अल्पेशनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं असतं, आणि तीन हजार माणसांत एकट्या जीनानं काय म्हटलं असतं? काहीसुद्धा नाही. ती परत गप्प बसली असती.

"हो," तो म्हणाला. "तिचंच घाल."

"घालतो. आत्ताच बदलतो, नाहीतर राहून जाईल."

"अल्पेश, थांब जरा."

"काय?"

"खोडायच्या आधी ते एकदा वाच ना. काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल?"

अल्पेशनं वाचलं. पाच वाक्यं होती. श्रीपतनं ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि तो म्हणाला, "जरा सावकाश वाच. परत पहिल्यापासून."